पाणमांजरं सोडली की केल्पचं जंगल परत उभं राहतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुद्री पाणमांजर सी अर्चिन (काटेरी चेंडूसारखा समुद्री जीव) खातं, अर्चिन केल्प खातो, म्हणून पाणमांजर असलं की केल्पचं जंगल टिकतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग जिथे जंगल उजाड झालंय तिथे पाणमांजरं नेऊन सोडली की झालं, असं का होत नाही? आणि जिथे पाणमांजर मुळातच नाही, तिथली जंगलं कोण सांभाळतं?

साखळी खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. केल्पच्या जंगलांची पाण्याखाली जाऊन पाहणी करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यावरून माझं मत असं झालंय की शिकारी प्राणी उभं जंगल राखतात फार चांगलं, पण एकदा आडवं झालेलं जंगल ते सहसा उभं करू शकत नाहीत. का, ते समजायला अर्चिनच्या पोटात डोकवावं लागतं. पण आधी केल्पबद्दल थोडं.

केल्प म्हणजे थंड पाण्यात वाढणारं मोठं तपकिरी शेवाळ. त्याला झाडासारखी मुळं नसतात. बोटांसारख्या फुटव्यांची एक घट्ट पकड असते, तिने ते खडकाला धरून राहतं, आणि अन्नद्रव्यं पानांवाटे थेट पाण्यातून घेतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं जायंट केल्प पाणी थंड आणि खतावलेलं असेल तर दिवसाला अर्धा मीटरही वाढतं. इतक्या वेगाने वाढणाऱ्या जिवाची वरची पानं कुणी कुरतडली तरी त्याला फरक पडत नाही. धोका तळाशी असतो. अर्चिन पकडीपाशी किंवा देठाच्या बुडाशी चावे घेतात. देठ तुटला की वीस-तीस मीटर उंचीचं अख्खं केल्प सुटून वाहून जातं. म्हणजे अर्चिनच्या पोटात जातं चिमूटभर आणि जंगलाचं नुकसान होतं पूर्ण झाडाएवढं. ही तफावत लक्षात ठेवा. अर्चिन किती खातो हे पाहून भागत नाही, तो बसून कुठे खातो ते पाहावं लागतं.

नांदत्या जंगलात अर्चिन भरपूर असतात, आणि तरी जंगलाला काही होत नाही. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. खडकांच्या कपारींमध्ये टॉर्च मारला की जांभळे काटे एकाला एक लागून दिसतात, आणि दोन हातांवर केल्पचे निरोगी देठ उभे असतात. कारण केल्प सतत पानं टाकत असतं. गळालेली, तुटलेली पानं लाटांबरोबर तळाशी फिरत राहतात. अर्चिन जागेवर बसून नळीसारख्या पायांनी ती धरतो आणि आयती खातो. घरपोच अन्न मिळत असताना उघड्यावर हिंडायची त्याला गरज पडत नाही.

तो बाहेर पडतो तो दोन गोष्टी जुळल्या की. एक, पाला यायचा थांबतो. दोन, बाहेर भीती उरत नाही.

यातली भीती लोक हिशोबात धरत नाहीत. शिकारी म्हटलं की आपण फक्त मारलेले अर्चिन मोजतो. पण फुटलेल्या अर्चिनचा वास पाण्यात पसरला की आसपासचे अर्चिन खाणं सोडून दूर सरकतात किंवा कपारीत शिरतात. उत्तर पॅसिफिकमधला सूर्यफूल तारामासा जवळ आला तरी तेच. हा तारामासा म्हणजे साधं प्रकरण नाही. मोठा झाला की मीटरभर रुंद, वीस-चोवीस हात, आणि तारामाशांच्या मानाने भलताच चपळ. त्याने दिवसभरात एकही अर्चिन खाल्ला नाही तरी त्याच्या वाटेतले सगळे हलतात. म्हणून शिकारी विरळ झाले की अर्चिनची संख्या वाढायच्या आधीच त्यांची वागणूक बदललेली दिसते. पाहणीत मी आधी हे बघतो: अर्चिन कपारीत आहेत की उघड्या खडकावर. चौकट टाकून केलेली मोजणी त्यानंतर.

आता पाणमांजराची गोष्ट. ती खरोखरच भारी आहे, आणि तिच्यातला एक भाग सहसा सांगितला जात नाही. समुद्री पाणमांजराच्या अंगावर सील-देवमाशांसारखा चरबीचा थर नसतो. ऊब राखायला त्याच्याकडे दोनच साधनं, प्राण्यांमधली सर्वांत दाट फर आणि सतत पेटलेली भूक. रोज ते आपल्या वजनाच्या पाव भागाइतकं खातं. त्या फरपायीच अठराव्या शतकापासून त्याची कत्तल झाली. १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन शिकार थांबली तेव्हा जगात दोन हजारांपेक्षाही कमी उरली होती, तीही तुटक तुटक ठिकाणी. पुढे काही बेटांवर ती वाढली, काही बेटांवर पोचलीच नाहीत. निसर्गानेच मांडलेला हा प्रयोग होता. जेम्स एस्टिस हा तरुण संशोधक १९७०च्या सुमारास अलास्कातल्या अल्यूशन बेटांवर काम करत होता. रॉबर्ट पेन यांनी त्याला सुचवलं की केल्प पाणमांजरांसाठी काय करतं हे बघण्यापेक्षा पाणमांजरं केल्पसाठी काय करतात ते बघ. पेन यांनी स्वतः किनाऱ्यावरचे तारामासे उचलून फेकून शिंपल्यांची मक्तेदारी कशी होते ते दाखवलं होतं, त्यामुळे सल्ला अनुभवाचा होता. १९७४ मध्ये एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी दोन ठिकाणांची तुलना छापली. अमचिटका बेटाजवळ पाणमांजरं होती, तिथे अर्चिन लहान आणि केल्प दाट. शेम्या बेटाजवळ पाणमांजरं नव्हती, तिथे तळावर मोठ्या अर्चिनचा गालिचा आणि केल्प जवळपास नाहीच.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. १९९०च्या दशकात त्याच भागात पाणमांजरं झपाट्याने कमी व्हायला लागली. रोग नव्हता, उपासमार नव्हती, किनाऱ्यावर मेलेली शरीरंही सापडत नव्हती. एस्टिस यांच्या गटाने १९९८ मध्ये बोट ठेवलं ते ओर्कांवर, म्हणजे किलर व्हेलवर. अडॅक बेटावरचा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. तिथल्या क्लॅम लगूनचं तोंड इतकं अरुंद आणि उथळ की ओर्काला आत शिरता येत नाही. लगूनमधली पाणमांजरं टिकली, आणि शेजारच्या उघड्या कुलुक उपसागरातली भराभर घटली. आकडेमोड केली तर असं निघालं की चारपेक्षाही कमी ओर्कांनी फक्त पाणमांजरांवर पोट भरलं तरी त्या अफाट प्रदेशातली घट होऊ शकते. पाणमांजरं गेली, अर्चिन कित्येक पटींनी वाढले, केल्प पुन्हा झोपलं. ओर्का त्यांच्याकडे का वळले, यावर अजून वाद आहे. मोठे देवमासे माणसाने मारून संपवले म्हणून, असं एक मत, आणि ते सगळ्यांना मान्य नाही.

यातून एक नियम निघतो. साखळीत केल्पच्या वर दोन पायऱ्या असतील, म्हणजे अर्चिन आणि त्याला खाणारा, तर केल्प माजतं. तिसरी पायरी आली, खाणाऱ्याला खाणारा आला, की केल्प मार खातं. म्हणजे ‘शिकारी वाढवा’ असं ढोबळ म्हणून चालत नाही. कोणत्या पायरीचा शिकारी, हे महत्त्वाचं.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. पीटर स्टाइनबर्ग, एस्टिस आणि फ्रँक विंटर यांनी १९९५ मध्ये उत्तर पॅसिफिकमधली आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची तपकिरी शेवाळं तपासली. दक्षिणेकडच्या शेवाळांमध्ये चरणाऱ्यांना नकोशी करणारी रसायनं कितीतरी जास्त निघाली, आणि तिथले चरणारे प्राणीही त्यांना बऱ्यापैकी सरावलेले निघाले. अर्थ असा लावला गेला की उत्तरेत पाणमांजरासारखा खमक्या राखणदार दीर्घकाळ असल्यामुळे केल्पला स्वतःचं संरक्षण फारसं करावंच लागलं नाही. म्हणूनच राखणदार गेला की उत्तरेतलं केल्प इतकं सहज बळी पडतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पाणमांजर नाही तिथे काय?

दक्षिण कॅलिफोर्नियातून पाणमांजरं एकोणिसाव्या शतकातच संपली, पण तिथली केल्पची जंगलं त्याबरोबर नाहीशी झाली नाहीत. तिथे शीपहेड नावाचा भक्कम दातांचा मासा आणि काटेरी शेवंड हे दोघे अर्चिन खातात. मासेमारीने हेही घटले तेव्हा ताण दिसायला लागला. न्यूझीलंडमध्ये पाणमांजर कधीच नव्हतं. तिथे ली या गावाजवळ १९७५ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मासेमारी बंद झाली. स्नॅपर मासे आणि शेवंडी हळूहळू वाढल्या, मोठ्या झाल्या, आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत तिथल्या उजाड खडकांवर केल्प परतलं. बाहेरच्या, मासेमारी चालू असलेल्या भागात उजाड खडक राहिलेच. आता तुम्ही म्हणाल, मग इथे तर शिकाऱ्यांनीच जंगल उभं केलं! केलं, पण त्याला लागलेला वेळ बघा. त्या काळात तिथे दुसरं कोणतंही मोठं संकट कोसळलं नव्हतं, हेही बघा.

आणि इथे ‘मोठ्या झाल्या’ हे शब्द सहज म्हणून घातलेले नाहीत. लहान शेवंड मोठा अर्चिन फोडू शकत नाही. टास्मानियात तर हे फारच ठळक आहे. लांब काट्यांचा अर्चिन पूर्व ऑस्ट्रेलियाच्या उबदार प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे सरकत १९७८च्या सुमारास तिथे दिसू लागला. त्याच्या अळ्यांना हिवाळ्यातलं पाणी साधारण १२ अंशांच्या खाली गेलं की नीट वाढता येत नाही. पाणी तापलं आणि ती अडचणच दूर झाली. त्याला पेलू शकते ती फक्त दांडगी शेवंड, जिचं कवच १४ सेंटिमीटरच्या पुढे असतं. आणि मासेमारीत सगळ्यात आधी उचलल्या जातात त्या नेमक्या याच. कागदावर शेवंडींची संख्या ठीकठाक दिसते, पण अर्चिन आवरायचं काम करणारी एकही उरलेली नसते. मासेमारीच्या आराखड्यांत नुसते एकूण टनांचे आकडे असले की माझी चिडचिड होते ती यामुळे.

उत्तर कॅलिफोर्नियात जे झालं ते मात्र सगळ्यांनी नीट बघावं असं आहे. सोनोमा आणि मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर पाणमांजरं फरच्या व्यापारापासूनच नाहीत. शीपहेड आणि काटेरी शेवंड तिकडच्या थंड पाण्यात फारसे नाहीत. अर्चिनवर वचक होता तो मुख्यतः सूर्यफूल ताऱ्याचा. २०१३ पासून तारामाशांना झिजवून टाकणारा रोग पसरला. अंगावर चट्टे, हात गळून पडणं, आणि काही दिवसांत तारामाशाचा लगदा. सूर्यफूल तारे नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. एका अंदाजाने पावणेसहा अब्ज. २०२० मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू आहे हे २०२५ मध्ये सिद्ध झालं. पाठोपाठ २०१४ ते २०१६ मध्ये समुद्री उष्णतेची लाट आली. कोमट पाण्यात नायट्रेट कमी, त्यामुळे केल्पची वाढ खुंटली, गळणारा पाला आटला. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एकदम जुळल्या. जांभळे अर्चिन कपारींतून बाहेर आले. काही ठिकाणी ते साठपट झाले, आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर किनाऱ्यावरचं नव्वद टक्क्यांहून जास्त बुल केल्प गेलं. लाल ॲबलोनी, म्हणजे केल्पवर जगणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायी, उपाशी मेल्या. त्यांची हौशी मासेमारी २०१८ मध्ये बंद करावी लागली. ज्या किनाऱ्यावर अर्चिन आवरणारा एकच उरलेला असतो, तिथे तो एक गेल्यावर काय होतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग थोडं दक्षिणेला, माँटेरेच्या उपसागरात बघा. तिथे पाणमांजरं होती आणि आहेत. तरी तिथेही ठिकठिकाणी उजाड पट्टे पडले. पाणमांजरांनी अर्चिन खाणं वाढवलं, पूर्वीच्या तिपटीने वाढवलं. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ती अर्चिन टिपत होती शिल्लक राहिलेल्या केल्पच्या तुकड्यांमधले. शेजारच्या उजाड खडकावर अर्चिनचा खच पडलेला असताना तिकडे ती जवळपास फिरकत नव्हती.

कारण बघायचं असेल तर दोन अर्चिन फोडावे. जंगलातला अर्चिन तोंडाच्या बाजूने गोल कापून उघडला की आत कवचाला लागून गाभोळीच्या पाच पिवळ्या-केशरी फाकी दिसतात, टच्च भरलेल्या. बोटाने एक सोडवली तर अलगद निघून येते. उजाड खडकावरचा अर्चिन बाहेरून तसाच, काटेही तितकेच टोकदार. उघडला की पाणी सांडतं. गाभोळीच्या जागी कवचाला चिकटलेल्या पाच मळकट तपकिरी रेघा, नखाने खरवडाव्यात इतक्या. अंगातली ऊब टिकवायला दिवसभर खात राहावं लागणाऱ्या पाणमांजराला असला पोकळ अर्चिन फोडत बसणं शक्य नाही. अर्चिन गाभोळीसाठी पकडणारे पाणबुडेही याच कारणाने तिकडे जात नाहीत. म्हणजे जिथे अर्चिन सर्वांत जास्त, तिथेच त्यांना कुणी खात नाही. आणि हा उपाशी अर्चिन मरतही नाही. शरीराचा खर्च कमी करून तो वर्षानुवर्षं तसाच तग धरतो, आणि केल्पचा नवा कोंब उगवला की तो करंगळीएवढा व्हायच्या आधी खरवडून टाकतो. खडकावर उरतं ते फक्त चुन्याचं गुलाबी शेवाळ.

त्यामुळे इथे तराजूसारखा एकच समतोल नसतो. दोन स्थिती असतात आणि दोन्ही आपापल्या जागी घट्ट असतात. जगभरच्या उजाड पट्ट्यांचा हिशोब मांडल्यावर असं दिसलं की जंगल पाडायला अर्चिनचा जेवढा भार लागतो, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत तो खाली आल्याशिवाय जंगल परत येत नाही. विहिरीत पडायला एक पाऊल पुरतं, वर यायला दोर लागतो, त्यातला प्रकार. शिकारी अर्चिन निम्मे करून दाखवतील, आणि खडक तरी उजाडच राहील.

दोर कशाचा, तर ठिकठिकाणी वेगळा. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात उबदार पाण्याबरोबर आणि वादळांमागून येणाऱ्या एका अमिबाच्या रोगाने हिरवे अर्चिन सपाट होतात आणि केल्प परततं. लॉस एंजेलिसजवळ पालोस वेर्देसच्या किनाऱ्यावर २०१३ पासून पाणबुडे हातोड्या घेऊन उतरतात आणि अर्चिन फोडतात. चौरस मीटरला दोनपर्यंत संख्या आणायची हे उद्दिष्ट, आणि तेवढं झालं की केल्प खरंच येतं. पोकळ अर्चिन गोळा करून टाक्यांमध्ये पोसून गाभोळी भरवायचेही प्रयोग चालू आहेत. आणि सूर्यफूल तारा. प्रयोगांत तो पोकळ अर्चिनही आवडीने खातो, भरलेल्यांपेक्षा जास्तच, असं दिसलंय. त्याचा स्वतःचा खर्च कमी असल्यामुळे त्याला गाभोळीचं पडलेलं नाही. उजाड खडकावर काम करणारा शिकारी शोधायचा झाला तर मी पाणमांजराआधी याचं नाव घेईन. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत २०१९ पासून त्याची पैदास सुरू आहे. रोग समुद्रात अजून आहे, त्यामुळे सोडलेले तारे किती टिकतील हा खरा कळीचा मुद्दा आहे.

पाणमांजरं सोडण्याबद्दल आणखी एक, कारण याविषयी उत्साहाने बोलणारे हे गाळतात. पाणमांजर फक्त अर्चिन खात नाही. खेकडे, शिंपले, ॲबलोनी, सगळं खातं. १९६०च्या दशकात आग्नेय अलास्कात चारशेच्या वर पाणमांजरं आणून सोडली. ती फोफावली, केल्पही वाढलं, आणि खेकडे-शिंपल्यांवर पोट असणाऱ्या मासेमारांशी सुरू झालेला तंटा आजही मिटलेला नाही. कॅलिफोर्नियातली ॲबलोनीची ती प्रसिद्ध रेलचेल पाणमांजरं नसल्यामुळेच होती. ती हवी आणि पाणमांजरंही हवीत, असं दोन्ही मिळणार नाही. मासेमारांचा राग मला समजतो. त्यांच्याशी न बोलता केलेला कुठलाही बेत तडीस जात नाही.

आणि हे सगळं पाणी पुरेसं थंड असेल तरच. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं जायंट केल्प जवळपास ९५ टक्के गेलंय, ते मुख्यतः पाणी तापल्यामुळे आणि त्यातली अन्नद्रव्यं घटल्यामुळे. तिथे सगळे अर्चिन उचलून नेले तरी जुनं जंगल आपोआप येणार नाही. पाण्यात अन्नच नसेल तर राखणदार कितीही असोत.

तेव्हा तुम्ही काम करत असाल त्या किनाऱ्यावर आधी खडकाची स्थिती बघा. जंगल उभं असेल तर तिथल्या अर्चिनखाऊंना, विशेषतः मोठ्या आकाराच्यांना, हात लावू देऊ नका, आणि एकाच जातीवर भिस्त असेल तर ती धोक्याची घंटा समजा. जंगल विरळ होऊन तुकडे उरले असतील तर ते तुकडे राखण्यात पैसा घाला. केल्पचे बहुतेक बीजाणू आईपासून काही मीटरांतच पडतात, पुढची पिढी येईल ती तिथूनच. पूर्ण उजाड असेल तर आधी हाताने सफाई करा, तीही उरलेल्या एखाद्या तुकड्याला लागून, बीजाणू सुटायच्या हंगामाआधी. एकदा फोडून थांबू नका. कपारींतले लहान अर्चिन पहिल्या फेरीत हमखास सुटतात, आणि कोवळ्या कोंबांवर पहिली धाड त्यांचीच पडते.